गॅरेजचा स्लॅब पाडा, कौलारू शेड पाडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या नगरपरिषदेच्या गॅरेजचे काय करायचे, यावर गेल्या सर्वसाधारण सभेत बराच खल झाला. एक गट म्हणतो डागडुजी करा, दुसरा म्हणतो सगळेच पाडून नवे बांधा. (नव्या नकाशात रस्त्याच्या अंगाला दुकानांचे गाळे कुठून आले, हे मात्र कोणी विचारले नाही.) मी इथूनच शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो, म्हणून हा पत्रप्रपंच.

मुळात ती एक इमारत नाही, दोन आहेत. मागे जांभ्या चिऱ्याची जुनी कौलारू शेड, पुढे नंतर जोडलेला आरसीसी स्लॅबचा भाग. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीच्या तपासणीत, दोन्हींना मिळून एकच ‘सी-१’ शेरा मारलाय, म्हणजे तातडीने रिकामी करून पाडा.

पुढच्या भागाबद्दल वाद नाही. परवा सहज गेलो होतो. मेकॅनिकने पान्याच्या टोकाने बीमवर टकटक केले. मध्यापर्यंत खणखणीत, पुढे बद्द आवाज, म्हणजे आतून काँक्रीट सुटलेले. खालच्या सळ्या उघड्या, रिंगा तर काही ठिकाणी गंजून तुटलेल्या. गंजलेले लोखंड फुगते आणि वरचे काँक्रीट ढकलून देते. त्यात त्या काळी खाडीची रेती धुऊन वापरायची, हे बहुधा कागदावरच राहायचे. मीठ काँक्रीटच्या पोटातच असेल, तर वरून दुरुस्तीचे पॉलिमर मॉर्टर कितीही थापा, दोन-चार पावसाळ्यांत त्या ठिगळाच्या कडेलाच सळी पुन्हा गंजू लागते. कोअर (काँक्रीटचा गोल नमुना) काढून त्यातले क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, तपासले की याचा निकाल लागतो. ती चाचणी अहवालात दिसत नाही.

डागडुजीचे म्हणाल, तर स्लॅब गळतो म्हणून त्यावर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) घातला, तो गळला म्हणून त्यावर दुसरा. चार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला सुमारे २०० किलो. वावर असलेल्या गच्चीवर माणसांचा वगैरे भार आपण १५० किलो धरतो! हा दुसरा थर माझ्याच सहीने पडला. तेव्हा गळती थांबली, टाळ्या मिळाल्या.

मागच्या शेडची गोष्ट वेगळी. तिथे गंजायला सळीच नाही. भिंती ओळंब्यात आहेत. छपराच्या लाकडी कैचीची दोन टोके भिंतीत बसतात तिथे कुजली आहेत, काही रीपांना वाळवी लागली आहे, कौले फुटली आहेत. हे काम गावातला सुतार करील. शिवाय उंची भरपूर. बंबाची शिडी आत मावते, ती नव्या नकाशातल्या तळमजल्यात मावेल का, हे एकदा मोजून पाहावे. दोन्ही भागांचे ऑडिट आणि अंदाजपत्रक वेगवेगळे करा, एवढेच माझे म्हणणे. शेड आधी नीट केली, तर पुढचे पाडताना बंब, टँकर आणि घंटागाड्या तिथेच उभ्या राहतील, भाड्याची जागा शोधायला नको.

निविदेला लागायचा तो वेळ लागू द्या. पण त्या बद्द वाजणाऱ्या बीमच्या हुकाला चेन-पुली लावून आजही इंजिने उचलतात. खाली पिटमध्ये, म्हणजे गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात, माणूस असतो. तो हुक उद्याच कापा आणि बीमखाली टेकू द्या. त्याला सभेचा ठराव लागत नाही.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता