तुझ्या कादंबरीला तुझा आवाज दे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र कालच वाचलं. कादंबरी स्वतःच्या हिमतीवर काढलीस, ओळखीपाळखीच्यांनी घेतली, आणि मग गाडी अडली. रोज सकाळी सोशल मीडियावर 'माझं पुस्तक घ्या' असं लिहायला आता हात धजत नाही, म्हणतोस. प्रचार हा आपला प्रांतच नव्हे का, हा तुझा प्रश्न मनातून जाईना, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

जे तुला करवत नाही, ते नाहीच केलंस तरी फारसं बिघडणार नाही. एखादं करविषयक किंवा आरोग्याचं पुस्तक असतं तर त्याचा उपयोग सांगून ते विकता आलं असतं. कादंबरीचं तसं नसतं. तिच्यावाचून कुणाचंच काही अडत नाही. अडायला लागतं ते पहिली काही पानं मनात घर करून बसल्यावर. मुखपृष्ठाचं चित्र पुन्हापुन्हा दाखवून ते होत नाही. म्हणून माझं सांगणं असं, की पुस्तकाविषयी बोलणं कमी कर आणि पुस्तकच ऐकवायला लाग. तुझ्या आवाजात, भागाभागाने, पॉडकास्टवर, फुकट.

फुकट म्हटल्यावर तुझ्या कपाळावर आठी पडली असणार. स्कॉट सिग्लर या अमेरिकन लेखकाचं उदाहरण बघ. त्याच्या 'अर्थकोर' या कादंबरीची ठरलेली छापील आवृत्ती बारगळली, तेव्हा 2005 मध्ये त्याने ती स्वतः वाचून पॉडकास्टवर क्रमशः सोडायला सुरुवात केली. त्याच वर्षी जूनमध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय आणली, त्यामुळे काळही अनुकूल होता. पुढच्या कादंबऱ्याही त्याने अशाच ऐकवल्या. 2007 मध्ये त्याचं पुस्तक एका छोट्या प्रकाशनाकडून आलं, तेव्हा याच श्रोत्यांनी ते ॲमेझॉनच्या विक्रीच्या यादीत वर नेलं. 2008 मध्ये 'इन्फेक्टेड' आली ती क्राउनसारख्या मोठ्या प्रकाशनाकडून. जे फुकट ऐकून झालं होतं, तेच लोकांनी पैसे मोजून घरी नेलं. कारण आठवडेच्या आठवडे ज्याच्या आवाजाची सोबत घेतली, त्या माणसाशी श्रोत्याचं एक नातं जुळलेलं असतं.

दुसरी बाजूही सांगतो. जे. सी. हचिन्सने 2006 पासून 'सेव्हन्थ सन' अशीच ऐकवली, तिला भरपूर श्रोते मिळाले आणि 2009 मध्ये पहिला भाग मोठ्या प्रकाशनाकडून छापूनही आला. पण विक्री पुरेशी झाली नाही आणि पुढचे भाग त्या प्रकाशनाने काढले नाहीत. ऐकणारे सगळे विकत घेत नाहीत, हे मनाशी धरूनच यात उतर. तरीही मला हा मार्ग तुझ्यासाठी योग्य वाटतो, कारण जाहिरातीचे पैसे संपले की जाहिरात संपते, आणि ऐकवलेला भाग मात्र वर्षांनंतरही कुणा नव्या माणसाला सापडू शकतो.

आता कामाचं. मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण दीडशे शब्द होतात, म्हणजे तासाला नऊ हजारांच्या आसपास. तुझी कादंबरी ऐंशी हजार शब्दांची असेल तर नऊ तासांचा ऐवज झाला. वीस-पंचवीस मिनिटांचे भाग पाड, पण घड्याळ बघून कापू नकोस. तिसऱ्या प्रकरणात थोरली बहीण कुलूप काढते आणि आत पेटी नसतेच, तिथे भाग थांबव. धाकटी काय म्हणते ते पुढच्या आठवड्यात. आणि एक गोष्ट आताच दुरुस्त कर, पात्रांची नावं: सुमन, सुमती आणि सुनंदा. वाचताना मला अडचण आली नाही, पण ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही. तीन 'सु' त्याच्या डोक्यात एक होऊन जातील. ऐकवण्याच्या प्रतीत संवादांना 'ती म्हणाली'ची जोडही थोडी जास्त लागेल.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ नको. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीशी घे, आवाज घुमत नाही. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला ठेव, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटणार नाहीत. चुकलास तर थांबू नकोस. एक टाळी वाजव आणि ते वाक्य पहिल्यापासून म्हण. संपादन करताना टाळीची रेघ स्क्रीनवर उंच दिसते, कापायची जागा शोधावी लागत नाही. यंत्राच्या आवाजात कादंबरी वाचून घेण्याचा मोह मात्र टाळ. तुझ्या वाक्यांत जी थांबण्याची ढब आहे, ती तूच जाणतोस.

त्याआधी करार वाच. ॲमेझॉनच्या किंडलची केडीपी सिलेक्ट योजना, म्हणजे ई-बुक फक्त तिथेच ठेवण्याचा करार, घेतली असशील तर नव्वद दिवसांचं बंधन ई-बुकवर असतं. तेवढ्या काळात मजकूर इतरत्र फार तर दहा टक्के, नमुना म्हणून ठेवता येतो. ध्वनिरूपाला हे बंधन लागू नाही. पण एसीएक्सवर, म्हणजे ॲमेझॉनच्याच ऑडिओबुक काढण्याच्या सेवेवर, ऑडिओबुक फक्त त्यांच्याकडेच ठेवण्याचा (एक्सक्लुझिव) करार केलास तर तेच पॉडकास्टवर ठेवण्याची वाट बंद होते. क्रम चुकला की मग हात चोळत बसावं लागतं.

दुसऱ्यांच्या पॉडकास्टवर पाहुणा म्हणूनही जा, पण मोठ्या नावांमागे धावू नकोस. तुझ्यासारख्या कौटुंबिक रहस्यकथा वाचणाऱ्यांचा छोटा कार्यक्रम हजारपट बरा. आधी त्याचे दोन-तीन भाग मनापासून ऐक. मग पत्रात 'माझी कादंबरी आली आहे' हे पहिलं वाक्य नको. 'वाटणीची भांडणं रहस्यकथेत इतकी का शोभतात, यावर मला बोलायला आवडेल' असं लिही. सूत्रधाराला पुस्तकापेक्षा एक चांगला तास हवा असतो. तिथे बोलताना शेवट सांगू नकोस, आणि कथानकाचा सारांशही देऊ नकोस. एखादा प्रसंग वाचून दाखव.

ऐकणारा बहुतेकदा गाडी चालवत असतो, भांडी घासत असतो, चालायला निघालेला असतो. त्या क्षणी त्याला लिंकवर बोट ठेवता येत नाही. म्हणून पत्ता एकच सांग, आणि तो ऐकून लक्षात राहील असा छोटा असू दे. त्या पत्त्यावर पहिलं प्रकरण आणि ईमेल देण्याची जागा, बस. ही ईमेलची यादी फार जप. सोशल मीडियावरचे अनुयायी त्या कंपनीच्या मर्जीवर असतात, उद्या नियम बदलले की तुझी पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचेलच असं नाही. यादी तुझी असते, पुढचं पुस्तक येईल तेव्हाही.

पहिल्या महिन्यात आकडे बघू नकोस, अशी माझी कळकळीची विनंती आहे. निदान पहिली आठ-दहा प्रकरणं तयार ठेवून मगच पहिला भाग सोड, म्हणजे आजारपण आलं, कामाचा रेटा आला तरी आठवडा चुकणार नाही. मधेच खंड पडला की श्रोता सुटतो आणि परत येत नाही, हे मी श्रोता म्हणून ठामपणे सांगतो. कितीतरी चांगल्या गोष्टी मी अशा अर्ध्यावर सोडल्या आहेत.

पहिल्या प्रकरणाचं कच्चं रेकॉर्डिंग जमेल तसं पाठव. हेडफोन लावून ऐकेन आणि वाक्य कुठे जिभेला अडतंय, ते मिनिट-सेकंदासकट लिहून कळवेन. ज्या कार्यक्रमांना लिहिणार आहेस त्यांची यादीही धाड. त्यातले काही मी नेमाने ऐकतो.

तुझा,
पहिल्या खर्ड्यापासूनचा वाचक