ऐश म्हणजे भाकरी

ती. आई आणि बाबा यांस
सा. न.

फोनवर हा विषय काढला की आईचा कुकर होतो आणि बाबांच्या बातम्या सुरू होतात. गेल्या तीन रविवारी हेच झालं. म्हणून पत्र लिहितेय. पत्राला कुकर लावता येत नाही. आई, तू चष्मा लाव आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखव. मधली पानं गाळायची नाहीत.

इजिप्तच्या सहलीचं मी जवळपास पक्कं केलंय. पैसे भरलेले नाहीत, ते तुमच्या एका उत्तरासाठी अडलेत, आणि ते उत्तर "कशाला उगीच" हे नाही. ते कोणतं, ते पुढे येईल.

आधी बाबांशी बोलते. उजनी धरणाजवळच्या भीमानगरच्या क्वार्टरमध्ये लोखंडी कपाटाच्या दाराला आतून एक फोटो चिकटवलेला होता, मासिकातून कापलेला. खाली तुमच्या अक्षरात 'आस्वान' लिहिलेलं. शाळेचा गणवेश काढताना मी तो रोज बघायची आणि मला वाटायचं, ते उजनीच आहे, नाव चुकलंय. इतर मुलींचे बाबा ताजमहालाचं बोलायचे, तुम्ही इजिप्तच्या त्या आस्वान धरणाचं. रिटायर झाल्यावर जाऊ, असं म्हणायचात. रिटायर होऊन चौदा वर्षं झाली.

तर ते धरण सहलीत आहे. 1960 ला काम सुरू झालं, 1970 ला संपलं, रशियाच्या मदतीने. तुम्हाला हे पाठ असणार, तरी आईसाठी लिहिते. उंची 111 मीटर, म्हणजे उजनीच्या साधारण दुप्पट. लांबी पावणेचार किलोमीटरच्या वर. मागचा नासर तलाव पार सुदानमध्ये शिरतो, भरला की 162 अब्ज घनमीटर पाणी. मी गणित केलं, जवळपास पन्नास उजन्या! बरोबर आहे का ते तपासा आणि चुकलं असेल तर वहीतलं पान फाडून पाठवा, पूर्वी पाठवायचात तसं.

सहल कंपनीच्या कार्यक्रमात या धरणाला वीस मिनिटं दिली होती. मी एक तास मागितला. फोनवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तिथे तसं बघण्यासारखं काही नसतं हो, लोक बसमधून उतरतसुद्धा नाहीत." मी म्हटलं, आमच्याकडचा एक माणूस उतरेल आणि त्याला परत चढवायला त्रास होईल. एक तास मिळाला.

पण बाबा, मला तुम्हाला तिथे नेण्यापेक्षा आस्वानजवळच्या फिलेच्या देवळात न्यायचंय. एका दुष्काळी उन्हाळ्यात तुम्ही आम्हाला पळसदेवला नेलं होतं, आठवतं? उजनीचं पाणी उतरलं होतं आणि पळसनाथाचं देऊळ चिखलातून वर आलं होतं. दादा शिखराकडे पळत सुटला आणि तुम्ही काठावरच उभे राहिलात. देव नव्या गावात नेला, देऊळ पाण्यात राहिलं, एवढंच म्हणालात. तेव्हा मला ती माहिती वाटली होती. आता वाटतं, तुम्ही स्वतःशी काहीतरी बोलत होतात.

फिलेचं इसिस देवीचं देऊळ असंच पाण्यात गेलं होतं. इंग्रजांनी 1902 साली आस्वानला पहिलं धरण बांधलं तेव्हापासून ते वर्षातला बराच काळ अर्धं बुडलेलं असायचं. लोक होडीतून खांबांच्या मधून फिरायचे. मोठं धरण झाल्यावर ते कायमचंच गेलं असतं, म्हणून 1972 ते 1980 या काळात त्याचा दगड न् दगड सोडवून शेजारच्या अगिल्किया बेटावर पुन्हा उभा केला. 1980! त्याच साली आपली उजनी पूर्ण झाली. तिकडे जगभरातून पैसा आला आणि देऊळ उचललं, इकडे देव उचलला. यात कुणाला दोष देत नाहीये. आणि तिथेही माणसांसाठी देवळांएवढं काही आलं नाही. इजिप्तच्या बाजूचे सुमारे पन्नास हजार न्युबियन लोक गावं सोडून उत्तरेला कोम ओंबो गावाच्या बाजूला वसवले गेले, त्यांच्या खजुराच्या बागा तळ्याखाली गेल्या. तुम्ही पुनर्वसनाच्या कॅम्पमध्ये दोन वर्षं काढलीत. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या न्युबियन माणसाशी तुम्ही बोलावं असं मला वाटतं. भाषा येत नाही तर काय झालं, तुम्ही दोघं जमिनीकडे बोट दाखवून तासभर बोलाल.

आता आईकडे वळते, नाहीतर ती म्हणेल बापलेकीचंच चाललंय.

आई, तुझ्या कोल्हापूरच्या किरणोत्सवासारखं तिथे एक आहे. अबू सिंबेल नावाच्या जागी दुसऱ्या रामसेस राजाने डोंगर कोरून देऊळ केलंय. वर्षातून दोनदा, 22 फेब्रुवारीला आणि 22 ऑक्टोबरला, सूर्याचं ऊन दारातून थेट आत, गाभाऱ्यात बसलेल्या चार मूर्तींपर्यंत जातं. तिघांवर पडतं, चौथ्यावर नाही. चौथा प्ताह, अंधाराशी नातं असलेला देव, त्याला अंधारातच ठेवलंय. अंबाबाईच्या पायापासून मुखापर्यंत किरणं कशी चढतात ते तू दरवर्षी इतकं रंगवून सांगतेस, तिथे तू गाइडलाच सांगत बसशील. आणि गंमत म्हणजे हे देऊळही हलवलेलं आहे. 1964 ते 68 मध्ये अख्खं देऊळ डोंगरातून कापून 65 मीटर वर आणि 200 मीटर मागे नेलं, तरी ऊन बरोबर आत जातं. बाबा, आत काँक्रीटचा घुमट आहे आणि वरून डोंगर रचलाय.

त्या तारखांना मात्र आपण जात नाही. प्रचंड गर्दी असते. आपण जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघू, गड्ड्याची यात्रा झाल्यावर, म्हणजे सिद्धेश्वर रुसणार नाही. तेव्हा तिकडे दिवसा आपल्या डिसेंबरपेक्षा थोडी गारच हवा असते, रात्री नदीवर स्वेटर लागतो. उन्हाळ्यात आस्वानला सोलापूरची आठवण येईल असं ऊन असतं, ते आपल्याला इथेच फुकट मिळतं.

मी बरोबर येतेय. मुलांची शाळा चालू असेल, त्यांना तुमचे जावई बघतील. त्यांनीच सांगितलंय, तेव्हा "त्यांची आबाळ होईल" हा मुद्दा खोडला असं समज.

आठ दिवसांचा कार्यक्रम. मुंबईहून कैरोला थेट विमान आहे. सुरुवातीला कैरोत दोन रात्री. मग आस्वान, आणि तिथून लक्झरपर्यंत बोटीवर. बोट मुद्दाम घेतली. युरोपला रोज सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर आणि रोज नवं हॉटेल, ते तुमच्या दोघांच्या अंगावर आलं होतं. इथे एकदा कपाटात कपडे लावले की लक्झरपर्यंत हात लावायचा नाही, देवळंच आपल्याकडे येतात. एक मात्र आहे. काठाला या बोटी एकीला एक लागून उभ्या असतात, त्यामुळे आपली बोट बाहेरच्या बाजूला असेल तर दोन-तीन बोटींच्या दिवाणखान्यातून चालत जावं लागतं. मधल्या फळीवर हात धरायचा, लाजायचं नाही.

नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि वारा बहुतेक वेळ उत्तरेकडून येतो. म्हणून शिडाच्या होड्या वर जाताना शीड उभारतात आणि खाली येताना प्रवाहावर सोडून देतात. फुकटात दोन्ही दिशा! वाटेत एस्नाला नदीत दरवाज्यांचं लॉक आहे, बोट आत घेऊन पाणी कमी-जास्त करतात. बाबा, तुम्ही तिथे डेकवरून हलणार नाही हे धरून मी जेवणाची वेळ विचारून ठेवलीय. आई, तुझ्यासाठी तिथेच दुसरा कार्यक्रम. छोट्या होड्यांतून फेरीवाले येतात आणि शाली, झगे गुंडाळून थेट वर डेकवर फेकतात. नको असेल तर परत फेकायचं, हवं असेल तर पैसे. घासाघीस खालून वर चालते. तुझा आवाज कामी येईल.

कोम ओंबोच्या देवळात एक खोल विहीर आहे, पुराचं पाणी किती चढलं ते मोजायला. त्यावरून पीक किती येणार आणि सारा किती घ्यायचा ते ठरायचं. म्हणजे त्या काळातली पैसेवारी. तुमच्या तलाठी मित्राला सांगा.

जेवणाचं. गटात चाळीसच्या आसपास मराठी माणसं आणि बरोबर मराठी टूर मॅनेजर, त्यामुळे भात-वरणाची सोय आहे. पण तेवढंच खाऊन येऊ नका. कोशरी म्हणून त्यांचा रस्त्यावरचा पदार्थ आहे: भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर टोमॅटोची आंबट चटणी आणि कुरकुरीत कांदा. पूर्ण शाकाहारी. आस्वानला कर्कदे पितात. ते आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत आहे, आई. एवढ्या लांब जाऊन अंबाडी! आणि त्यांच्या गव्हाच्या जाड रोटीला ते 'ऐश' म्हणतात. अरबीत ऐश म्हणजे जगणं, म्हणून जगवणारी भाकरीसुद्धा ऐश. तोच शब्द फिरत फिरत आपल्याकडे आला तोवर त्याचा अर्थ चैन झाला. तेव्हा पुढच्या वेळी "या वयात ऐश कशाला" म्हणालीस तर मी भाकरी असंच ऐकणार आहे.

काही गोष्टी मी कापल्यात. मोठ्या पिरॅमिडच्या आत जायचं नाही. वाकून, अरुंद चढावरून जावं लागतं आणि आत रिकामी खोली. तो बाहेरूनच बघायचा असतो. लक्झरचा बलून नाही. अबू सिंबेलला बसने नाही, आस्वानहून जायला-यायला मिळून साडेपाचशे किलोमीटर होतात आणि पहाटे चारला निघावं लागतं. पाऊण तासाचं विमान आहे, वरचे पैसे मी भरतेय, यावर चर्चा नको. लक्झरजवळच्या राजांच्या दरीत तीनच थडगी, कमी पायऱ्यांची. तुतनखामुन राजाचं सोनं कैरोच्या नव्या मोठ्या म्युझियममध्ये आहे, तो स्वतः मात्र अजून दरीतच, 1922 साली सापडलेल्या त्याच्या थडग्यात आहे.

बातम्यांचं म्हणाल तर सिनाईकडे आपण जात नाही, सगळा प्रवास नाईलच्या काठाने आहे. निघायच्या आधी परिस्थिती बदलली तर रद्द करायचे नियम मी लेखी घेतलेत.

आता ते उत्तर.

प्रवासाच्या विम्याचा फॉर्म माझ्यासमोर आहे. आधीचे आजार, ऑपरेशनं, गेल्या वर्षातली दुखापत, असे रकाने आहेत. खोटं लिहिलं तर परदेशात दवाखान्यात न्यायची वेळ आली की कंपनी हात वर करते, आणि तिला तो हक्क असतो. बाबांची अँजिओप्लास्टी लिहिलीय. आईच्या रकान्यात मी 'दुखापत नाही' लिहायला गेले आणि वहिनीचा फोन आला. दिवाळीच्या आधी तू न्हाणीत पडलीस. पंधरा दिवस पट्टा बांधून होतीस. त्या पंधरा दिवसांत मी तुझ्याशी नऊ वेळा बोलले, मोजले मी, आणि प्रत्येक वेळी तू "मजेत" म्हणालीस. बाबा शेजारी बसून ऐकत होते.

युरोपला त्या किल्ल्याच्या पायथ्याशी टूरवाल्याने तुला "काकू, तुम्ही बसमध्येच बसा" म्हटलं आणि तू अडीच तास बसलीस, बाबाही तुझ्याबरोबर बसले. फोटो मात्र मला किल्ल्याचेच पाठवलेत, दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरचे. हे मला सहा वर्षांनी कळलं. मला राग त्या माणसाचा कमी आला.

तुम्ही लपवता ते माझ्या काळजीने, हे मला समजतं. मीही तुम्हाला सगळं सांगत नाही, कुणाकडून शिकले तेही माहीत आहे. पण या सहलीची आखणी मी तुमच्या पायांवरून करतेय. किती पायऱ्या, कुठे बसायला जागा, व्हीलचेअर मागायची की नाही. आकडे खोटे असतील तर आखणी कोसळेल. बाबांना हे धरणाच्या भाषेत समजेल.

तेव्हा न थांबता किती चालता येतं ते खरं लिहून पाठवा, मिनिटांत. गुडघ्याच्या गोळीच्या पट्टीचा मागून फोटो पाठवा. तिच्यात ट्रामाडॉल हे कडक वेदनाशामक असेल तर ती परवानगीशिवाय तिकडे नेता येणार नाही. 2017 मध्ये एका ब्रिटिश बाईकडे त्याच गोळ्या सापडल्या म्हणून तिला तुरुंगात जावं लागलं होतं. डॉक्टरांकडून दुसरी लिहून घेऊ. बाबांनी शेवटची टूडी इको कधी केली, तो रिपोर्ट पाठवा. "नॉर्मल आहे" हा रिपोर्ट नसतो.

उत्तर "जमणार नाही" असं आलं तर मी रागावणार नाही. आपण पळसदेवला जाऊ, पाणी उतरलं की, आणि मी कोशरी करून आणीन. पण ते तुमच्या गुडघ्याने सांगू दे, खर्चाने नको.

दादा-वहिनीला नमस्कार. वहिनीला रागावू नका, तिने सांगितलं ते बरं केलं.

तुमची,
बबी

ता. क. आईचा पासपोर्ट बघा. तिकडे पोचल्या दिवसापासून सहा महिने तरी चालायला हवा. मागच्या वेळी तो देवघराच्या खणात, पंचांगाखाली सापडला होता.