‘पेटंट प्रसिद्ध झाले’ म्हणजे मिळाले असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातल्या अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या महाविद्यालयांत ‘आमचे पेटंट प्रसिद्ध झाले’ असे फलक लागू लागले आहेत. त्यांत सॉफ्टवेअरचे प्रकल्पही असतात. फलक लावणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण यात पोरांचे नुकसान होते आहे, म्हणून हे पत्र.

शिक्षणसंस्थेला पेटंटच्या ऑनलाइन अर्जासाठी १,६०० रुपये लागतात. एरवी अर्ज १८ महिने गुप्त राहतो. फॉर्म ९ आणि २,५०० रुपये भरले, की साधारण महिनाभरात तो पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून येतो. इथपर्यंत अर्जातला दावा कोणीही तपासलेला नसतो. तपासणीसाठी फॉर्म १८ आणि आणखी ४,००० रुपये भरावे लागतात. २०२४ च्या नव्या नियमांनुसार ही मागणी ३१ महिन्यांत केली नाही, तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते. मूल्यमापनाच्या फायलीत लावायला प्रसिद्धीचा कागद मिळाला, की हा दुसरा फॉर्म राहूनच जातो. मग कल्पना सगळ्यांना खुली होते, हक्क काहीच मिळत नाही, आणि पुढे त्याच कल्पनेवर नवा अर्ज करायला जावे तर आपलीच जुनी प्रसिद्धी आडवी येते.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत त्याआधीच एक अडसर आहे. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार गणिती पद्धत, धंद्याची रीत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्राम यांना पेटंट नाही. २००४ च्या अखेरीस अध्यादेशाने ही अट सैल केली होती. २००५ मध्ये संसदेने ती सवलत नाकारली. आमच्या मते हे योग्यच झाले. नाहीतर लातूरच्या गल्लीत बिलिंगचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला एकेका स्क्रीनसाठी बड्या कंपन्यांची पेटंटे चाळत बसावे लागले असते.

पण ‘निव्वळ’ या शब्दाला अर्थ आहे, हे दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात स्पष्ट केले. प्रोग्राममुळे तांत्रिक परिणाम साधत असेल, तर अर्जाचा विचार व्हायला हवा. लातूरचीच दोन उदाहरणे घ्या. मोंढ्यातल्या आडत दुकानाचे सॉफ्टवेअर कट्टे, वजन आणि भाव घेते, हमाली-तोलाई वजा करते आणि शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, काढते. ते कितीही सुबक असले तरी ती धंद्याची रीत आहे, पेटंट नाही. डाळमिलमधल्या सॉर्टेक्सचे, म्हणजे दाणे निवडणाऱ्या यंत्राचे, तसे नाही. तिथे कॅमेरा डागी दाणा टिपतो आणि तो खाली पडता पडता हवेचा झोत मारून बाजूला उडवला जातो. एखाद्या नव्या प्रोग्राममुळे हा झोत अधिक नेमका बसला आणि सोबत उडणारा चांगला दाणा वाचला, तर तो यंत्राच्या कामात झालेला तांत्रिक फरक आहे. मात्र अर्जात तो तसाच मांडावा लागतो: कॅमेऱ्याने टिपल्यापासून झडप उघडेपर्यंत किती वेळ लागतो, आधीचे मोजमाप काय, नंतरचे काय. ‘एआयच्या मदतीने डाळ निवडणे’ एवढ्यावर काही टिकत नाही. शिवाय अर्जाआधीच त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, तर नावीन्य तिथेच संपते.

पट्टीच्या सॉफ्टवेअरला आधार आहे तो १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा. कोड लिहिला त्या क्षणी हा हक्क जन्मतो. नोकरीत कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. विद्यार्थी मात्र महाविद्यालयाचा नोकर नाही, आणि कंत्राटावर प्रोग्राम लिहून देणाराही आडत्याचा नोकर नाही. पैसे दिले म्हणून कोडचा हक्क आपला झाला, असे आडत्याला वाटते; लेखी आणि सही केलेले हस्तांतर नसेल तर तो लिहिणाऱ्याकडेच राहतो. हस्तांतरात मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांचे धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते. चौघांनी मिळून लिहिलेल्या प्रकल्पाला ग्राहक मिळेपर्यंत दोघे पुण्याला नोकरीला लागलेले असतात, आणि सह्यांसाठी सगळे अडते.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण वादात पुरावा म्हणून फार उपयोगी पडते. फॉर्म १४, शुल्क ५०० रुपये, हरकतींसाठी ३० दिवस. २०२१ पासून सोर्स कोडची, म्हणजे प्रोग्रामच्या लिहिलेल्या मूळ मजकुराची, पहिली १० आणि शेवटची १० पाने दिली तरी चालतात. त्यात काहीही काळे करून झाकता येत नाही, म्हणून सर्व्हरचे पासवर्ड छापण्याआधीच वेगळ्या फाइलमध्ये हलवावेत. दुसरी चूक म्हणजे पहिल्या दहा पानांत इंटरनेटवरून उतरवलेल्या लायब्ररीचाच, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार, कोड येणे. आपण लिहिलेला भाग पुढे घ्यावा. त्या लायब्ररीचा परवानाही वाचावा. एमआयटी या मोकळ्या परवान्यात मूळ कॉपीराइटची आणि परवान्याची सूचना ठेवली की भागते. जीपीएल या दुसऱ्या, कडक अटींच्या खुल्या परवान्याचा कोड आपल्या प्रोग्राममध्ये मिसळून विकला, तर ग्राहकाला पूर्ण सोर्स कोड देणे भाग पडते.

छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडची विद्यापीठे आणि अभियांत्रिकीपुरते लोणेरेचे तंत्रशास्त्र विद्यापीठ यांना आमची विनंती आहे, की प्रसिद्धीला गुण देणे बंद करावे. मंजूर पेटंटलाच द्यावेत. आणि प्रकल्पाच्या सिनॉप्सिससोबतच एक पानी मालकीपत्र घ्यावे. कोणता भाग कोणी लिहिला, कोणती लायब्ररी कोणत्या परवान्याची, महाविद्यालयाला वापराचा हक्क किती आणि विक्री झाली तर वाटा कसा, एवढे त्यात असावे. चौघांच्या सह्या प्रकल्प सुरू होतानाच घ्याव्यात. शेवटच्या तोंडी परीक्षेनंतर ही मुले पुन्हा एका ठिकाणी सापडत नाहीत.

आपले,
सॉफ्टवेअर क्षेत्रातील काही वाचक, लातूर