चवथीच्या ओझ्यात चॉकलेटचा डबा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. आमच्या वाड्यावरच्या सात बायकांचा बचत गट आहे आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आम्ही नेवऱ्या (करंज्या), लाडू, पंचखाद्य करून विकतो. सणाच्या खाण्यावर मीही चार पैसे मिळवते, हे आधीच सांगते. विकण्यावर माझा राग नाही. गणपतीच्या डोक्यावर रानातली फळे-फुले बांधतात ती माटोळी, तिच्या सामानाचा बाजार हाही बाजारच आहे.

गेल्या चवथीला आमच्याकडे ओझ्याच्या तीन ऑर्डरी होत्या. लग्नानंतरची पहिली चवथ, मुलीच्या सासरी माहेरचे ओझे, म्हणजे फराळाची भेट, जायची. त्यातली एक ऑर्डर आठ दिवस आधी रद्द झाली. मुलीच्या आईचा फोन आला. बोलताना तिलाच अवघड होत होते. "त्यांना चॉकलेटचे मोदक हवेत गे, डब्यातले. दिसायला बरे दिसतात म्हणतात." तीळ भाजून झाले होते, माडाचा गूळ आणून ठेवला होता. झालेला खर्च तिने दिला, नको म्हटले तरी दिला. मला रुखरुख लागली ती वेगळीच. ओझ्यातल्या नेवऱ्या सासरच्या वाड्यावर घरोघर वाटतात, पाच ह्या घरी, पाच त्या घरी. नव्या सुनेचे नाव शेजारी पहिल्यांदा निघते ते त्या नेवऱ्या खाताना.

ओझ्यापायी बापाच्या खिशाला ताण पडतो, हे मी माझ्या माहेरी पाहिले आहे. ही प्रथा हलकी व्हावी असे मला मनापासून वाटते. पण डब्यांनी ती हलकी झाली नाही. नेवरीवर किंमत छापलेली नसते. डब्यावर असते आणि सासरच्यांना ती वाचता येते. मग पुढच्या लग्नात त्याहून मोठा डबा.

त्याच चवथीला मुलाच्या ऑफिसातून आमच्याही घरी एक डबा आला. बारा मोदक, प्रत्येकावर सोनेरी चकचकीत कागद आणि कागदावर गणपतीचे चित्र. नातवाने हौसेने सगळे मखरात मांडले. समईच्या उबेने आरती होईपर्यंत ते मऊ पडले, मुंग्या आल्या. डब्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिले होते ते मुलाकडून वाचून घेतले : साखर, वनस्पतिजन्य चरबी, मग थोडी कोकोची पूड. ते असो. मोदक खाऊन झाल्यावर नातू मुठीत कागद घेऊन माझ्यापुढे उभा राहिला, "आजी, हा गणपती कचऱ्यात टाकू?" मला उत्तर देता आले नाही. ते बारा कागद मी देवाच्या फडताळात ठेवले आहेत, अजून तिथेच आहेत. विसर्जनानंतर बाजारात गेले तर गटाराच्या तोंडाशी पावसाच्या पाण्यात असेच कागद अडकलेले. त्यावर सोंड, दात, सगळे स्पष्ट दिसत होते.

गोव्यात 1560 साली इन्क्विझिशन आले आणि 1812 साली कायमचे उठले. त्या काळात मूर्ती पुजण्याची चोरी होती, म्हणून काही घराण्यांनी कागदावरच्या गणपतीची आणि पत्रीची पूजा केली. त्या घरांत आजही मातीची मूर्ती आणत नाहीत, कागदच पुजतात. त्यांच्या पूर्वजांनी तो कागद जिवावर उदार होऊन सांभाळला. म्हणून मिठाई आणि चॉकलेट करणाऱ्या सर्वांना हात जोडून सांगते, फाडून टाकायच्या कागदावर देवाचे चित्र छापू नका. फूल काढा, दूर्वा काढा, नुसता सोनेरी ठेवा.

आमच्या कुंपणापलीकडची शेजारीण ख्रिस्ती आहे. 15 ऑगस्टला सायबिणीच्या (मेरी मातेच्या) फेस्ताला ती हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या करते, पाने माझ्या परसातली. पुढे चवथीला मी पातोळ्या करते तेव्हा तिच्याकडे पाच जातात, नाताळात तिची कोंसवाद, म्हणजे गोडाधोडाची भेट, माझ्याकडे येते, दोदोल आणि बेबिंका. माझ्या मनातली ही गोष्ट मी तिला सांगितली तर म्हणाली, आमच्या पास्कांच्या फेस्ताचे, म्हणजे ईस्टरचे, तेच झाले आहे. पूर्वी त्याआधीच्या करेज्मच्या, म्हणजे उपासाच्या, चाळीस दिवसांत अंडेसुद्धा वर्ज्य असायचे, म्हणून पास्कांना अंड्याचे अप्रूप. पोकळ चॉकलेटचे अंडे इंग्लंडात ब्रिस्टलच्या फ्राय यांच्या कारखान्याने 1873 साली काढले. आता करेज्म सुरू व्हायच्या आधीच ती अंडी दुकानात मांडलेली असतात. "मग उपास संपल्याची खुशी कशाची करायची?" असे तिने विचारले. हळदीच्या पानाचे तसे नाही. ते पावसाळ्यातच हाताएवढे होते, वैशाखात कितीही पैसे दिले तरी मिळायचे नाही.

आता बाजाराविषयी. चवथीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत शेजारच्या सत्तरी तालुक्यातून बायका माटोळीचे सामान घेऊन येतात. कांगला, माट्टी, घागऱ्या, कवंडळ अशी रानफळे, आंबाडे, मावळिंग, सुपारीचे शिपटे. रानात कोणते झाड कुठे आहे हे त्यांना ठाऊक. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेते, तिचे मला कौतुक आहे. पण ज्यांच्यामुळे माटोळी बांधता येते त्या गेल्या वर्षी आमच्या बाजारात रस्त्याच्या कडेला, डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून भिजत बसल्या होत्या. बाजारातल्या छपराखाली, कोरड्या ओट्यावर, भेटवस्तूंच्या डब्यांचे स्टॉल होते, पंखे आणि रोषणाईसकट. डबेवाल्यांना वर्षभर दुकाने आहेत. कांगला विकणारीला वर्षात हे तीनच दिवस. संबंधितांनी यंदा ते तीन दिवस छपराखालची जागा माटोळीवाल्यांसाठी राखून ठेवावी, आणि तसे आधी जाहीर करावे, म्हणजे त्या बायका पहाटेच्या बसने निघताना ताडपत्री सोबत घेणार नाहीत.

आपली नम्र,
बचत गटातील एक सदस्य, डिचोली