परतीची वेळ सकाळीच ठरवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की पर्यटन पुरवण्यांमधून राष्ट्रीय उद्यानांच्या एकदिवसीय सहलींवर लेख येऊ लागतात. कधी निघावे, काय पाहावे, छायाचित्र कोठून चांगले येते, हे सारे त्यांत तपशीलवार असते. मात्र ठरलेला बेत भर दुपारी फिसकटला तर काय करावे, याविषयी सहसा एक ओळही नसते. मुक्कामाच्या प्रवासात हुकलेली सकाळ दुसऱ्या दिवशी भरून काढता येते. एका दिवसाच्या सहलीत ती सोय नसते, आणि नेमक्या याच सहलीला लोक सर्वांत कमी तयारीने निघतात.

बेत बिघडण्याची कारणे बहुधा साधीच असतात. वाहनतळ भरल्यामुळे प्रवेशद्वारावर आडवी लावलेली दांडी, दरड कोसळून बंद झालेली पायवाट, उशिरा निघालेली गाडी किंवा लागणाऱ्या परवान्याची आधी चौकशी न करणे. अमेरिकेतील झायन उद्यानात ‘एंजल्स लँडिंग’ या अरुंद कड्यावर जाण्यासाठी 2022 पासून सोडतीने परवाना दिला जातो. आपल्याकडेही अनेक व्याघ्र प्रकल्पांचे गाभा क्षेत्र पावसाळ्यात बंद असते. यांपैकी कशानेही कोणाच्या जिवाला धोका होत नाही. धोका सुरू होतो तो त्यानंतर, म्हणजे तीन तास वाया गेल्यावरही पूर्ण दिवसाचा कार्यक्रम उरलेल्या अर्ध्या दिवसात कोंबण्याचा प्रयत्न केला जातो तेव्हा. ‘एवढ्या लांब आलोच आहोत तर’ या पाच शब्दांनी भल्याभल्यांची विवेकबुद्धी गहाण पडते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन ही खोल दरी. डोंगरात आधी चढ असतो, त्यामुळे दमलेला माणूस आपोआप माघारी वळतो. येथे उतार आधी येतो आणि चढ परतीच्या वाटेवर वाट पाहत असतो. शिवाय जसजसे खाली जावे तसतसे ऊन वाढत जाते, आणि उन्हाळ्यात तळाशी काठापेक्षा कितीतरी जास्त उष्मा असतो. उतरायला लागलेल्या वेळाच्या दुप्पट वेळ चढायला धरा, उन्हाळ्यात सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळात दरीत चालू नका आणि काठावरून नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परतण्याचा प्रयत्न करू नका, असे तेथील प्रशासन वारंवार बजावते. तरीही दरवर्षी लोक सकाळच्या गारव्यात हसतखेळत खाली उतरतात आणि दुपारी रिकाम्या बाटल्या घेऊन वाटेतल्या तुटपुंज्या सावलीत बसलेले सापडतात.

पावसाचे गणित याहून फसवे आहे. सप्टेंबर 2015 मध्ये झायनमधील कीहोल कॅन्यन या चिंचोळ्या घळीत अचानक आलेल्या लोंढ्याने सात जणांचा बळी घेतला. पूर येण्याची शक्यता त्या दिवशी सकाळीच वर्तवलेली होती. अशा घळीत पूर येण्यासाठी डोक्यावर पाऊस पडावा लागत नाही, वरच्या अंगाला पडलेली सर पुरेशी असते. म्हणून डोक्यावरचे निळे आकाश पाहून अंदाज खोटा ठरवण्याचे धाडस कोणी करू नये.

माझे म्हणणे एवढेच आहे की परत फिरण्याची वेळ सकाळी, डोके थंड असताना ठरवावी आणि ती घड्याळाची वेळ असावी. ‘धबधबा पाहून झाल्यावर’ अशी मोघम नसावी. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला ठोकताळा यासाठी आजही उपयोगी पडतो: सुमारे पाच किलोमीटर चालीला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. दहा किलोमीटरची, सहाशे मीटर चढाची वाट म्हणजे तीन तास झाले, आणि त्यात विश्रांती, लहान मुले व छायाचित्रे धरलेली नाहीत. त्यामुळे हिशेब गटातील सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या चालीने करावा आणि अंधार पडण्याआधीचे दोन तास हातचे राखून ठेवावेत. जोडीला जवळचा, छोटा असा पर्यायी बेत आधीच निवडलेला असला, तर माघार घेणे कोणालाच पराभव वाटत नाही.

मोबाइलवरचा भरवसा हाही एक भ्रमच. उपग्रहावरून आपले ठिकाण कळण्यासाठी नेटवर्क लागत नाही हे खरे, पण नकाशा आधी उतरवून घेतलेला नसेल तर कोऱ्या पडद्यावर एक निळा ठिपका तेवढा दिसतो. आणि दरीत सिग्नल शोधता शोधता बॅटरी झपाट्याने उतरते. संध्याकाळी पाच जणांच्या गटात एकाच फोनचा उजेड उरला की वाट चुकायला वेळ लागत नाही. वाट चुकलीच तर भटकत न राहता एका जागी थांबून शिट्टी वाजवावी. मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा वेळा, हा आल्प्समध्ये रूढ झालेला संकटाचा इशारा आहे. अर्थात आपण कोणत्या वाटेने गेलो आणि किती वाजता परतणार, हे मागे कोणाला तरी सांगितलेले असेल, तरच शोध लवकर सुरू होतो.

आपल्या पुरवणीत यापुढे अशा सहलींवर लेख छापताना शेवटच्या चौकटीत त्या वाटेला लागणारा वेळ, परत फिरण्याची वेळ आणि वाट बंद असल्यास जवळचा पर्याय द्यावा, ही विनंती. उद्यानांच्या प्रशासनांनीही प्रवेशपत्रिकेवर त्या दिवशीच्या सूर्यास्ताची वेळ ठळक छापावी. त्याला फारसा खर्च येणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक