चाचा, तुमच्या निरोपाच्या वहीसाठी

आदरणीय चाचा,
सादर सलाम.

गेल्या डिसेंबरात, तुम्ही जिथे नोकरी केलीत त्या आपल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी वसतिगृहातील माजी निवासी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा छत्रपती संभाजीनगरात झाला. ५ देशांतून ४८ जण आले होते. शेवटच्या दिवशी आभारासाठी तुमचे नाव पुकारले, तेव्हा मागच्या रांगेतून हात हलवून तुम्ही नको म्हणालात. त्या वेळी आम्ही तुमचा मान राखला. जे बोलायचे राहिले ते आज सर्वांसमोर लिहितो आहे.

मेळाव्याची कल्पना आमची असली, तरी माणसे जमली ती तुमच्या वहीमुळे. आम्ही सहा जणांनी शोध सुरू केला तेव्हा आमच्याजवळ जुने ई-मेल पत्ते आणि बंद पडलेले मोबाइल क्रमांक यांपलीकडे काहीच नव्हते. त्यात येमेनमध्ये युद्ध झालेले, एप्रिल २०२३ पासून सुदानमध्येही लढाई पेटलेली. ताइझ किंवा खार्तूमच्या मित्राला शोधायचे म्हणजे तो आज कोणत्या देशात आहे इथपासून सुरुवात करावी लागत होती. निराश होऊन तुमच्या घरी आलो, तेव्हा तुम्ही लोखंडी पेटीतून जाड पुठ्ठ्याची निरोपाची वही काढलीत. वसतिगृह सोडताना प्रत्येकाने आपल्या हाताने आपल्या लिपीत घरचा पत्ता लिहायचा आणि त्याखाली तुम्ही तो देवनागरीत उतरवून घ्यायचा, ही तुमची पद्धत आम्हांला आठवत होती. पण निवृत्तीनंतरही ती वही तुम्ही जपली असेल, असे वाटले नव्हते. पुष्कळ पानांवर वडिलांचे किंवा थोरल्या भावाचे नाव होते, कुठे गावातल्या दुकानाची खूण होती. मुले देशोधडीला लागली होती, पण अनेकांच्या गावी त्यांचे कुणीतरी अजून होते, आणि त्यांच्याकडूनच आम्हांला पुढचे पत्ते मिळत गेले.

वही पाहिली आणि २०१२ मधला पहिला दिवस आठवला. मी अंबाजोगाईहून आलो होतो. वसतिगृहातील मोजक्याच खोल्या इथल्या मुलांना मिळत. बाकी मुले येमेन, इराक, सुदान आणि थायलंडची. मी परदेशातून आलेलो नव्हतो, तरीही ट्रंक खाली ठेवताच तुम्ही मला तेच विचारलेत जे प्रत्येकाला विचारायचात : “घर को फोन किए क्या?” न्यूयॉर्कमध्ये १९०९ साली हॅरी एडमंड्स यांनी एका चिनी विद्यार्थ्याला सहज अभिवादन केले, आणि तीन आठवड्यांत आपल्याशी बोललेले तुम्हीच पहिले, असे त्याने त्यांना सांगितले. त्या प्रसंगातून पुढे १९२४ मध्ये तेथे इंटरनॅशनल हाउस उभे राहिले. ही हकीकत मी फार उशिरा वाचली, आणि वाचताना मला तुमचे टेबल दिसत होते. आपल्या वसतिगृहात तीन आठवडे कुणी अबोल राहिला असेल, हे मला शक्यच वाटत नाही.

२०१२-१३ च्या दुष्काळात टँकर यायचा आणि माणशी दोन बादल्या पाणी मिळायचे. ती रांग तुम्ही मराठी, दखनी आणि शिकून घेतलेल्या मोडक्या अरबीत सांभाळलीत. पण त्याहून मोठी गोष्ट २०१५ ची. मार्चमध्ये येमेनवर हवाई हल्ले सुरू झाले आणि तिकडच्या मुलांना घरून येणारे पैसे थांबले. खानावळवाल्याने उधारी बंद करण्याची भाषा केली, तेव्हा त्याच्या वहीत तुम्ही स्वतःचे नाव घातलेत. किती रक्कम भरलीत ते तुम्ही आजवर कुणाला सांगितलेले नाही. त्या मुलांपैकी तिघे मेळाव्याला आले होते आणि तुमच्या पायांशी सतरंजीवर बसून होते, हे सर्वांनी पाहिले आहे.

मेळाव्यातही आमच्या दोन मोठ्या चुका तुम्ही सावरल्यात. परदेशी पाहुणा उतरल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती लॉजने सरकारकडे नोंदवावी लागते. आम्ही ठरवलेल्या लॉजच्या व्यवस्थापकाला ती नोंद कशी करायची हे ठाऊक नव्हते, आणि रात्री साडेअकराला त्याने नऊ पाहुण्यांना खोल्या नाकारल्या. थंडीत शाल गुंडाळून तुम्ही रिक्षाने आलात आणि त्याच्या शेजारी बसून एकेक नोंद पुरी करून घेतलीत. दुसरी चूक सहलीची. वेरूळला मंगळवारी जायचे आम्ही ठरवले होते. मंगळवारी वेरूळ आणि सोमवारी अजिंठा बंद असतो, हे तुम्ही वेळेवर सांगितले नसते, तर दोन बस बंद दारावरून परत आल्या असत्या.

बुधवारी आम्ही गेलो. दहाव्या लेण्यात, ज्याला दगडात कोरलेल्या तुळयांमुळे सुताराची झोपडी म्हणतात, त्या चैत्यगृहात येथे पाली शिकून गेलेल्या आपल्या थाई भिक्खूंनी पाली गाथा म्हटल्या आणि छताखाली तो आवाज बराच वेळ घुमत राहिला. दुपारी खुलताबादजवळच्या शेतात जेवण होते. सुदानच्या मित्राने ज्वारीची भाकरी हातात घेऊन सगळ्यांना सांगितले की त्याच्या आईची किसरा याच धान्याची, फक्त पीठ आंबवून पातळ पसरलेली. खार्तूम सोडल्यापासून ती त्याने खाल्लेली नाही. तो पुढे बोलू शकला नाही. तेव्हा तुम्ही त्याच्या ताटात दुसरी भाकरी वाढलीत आणि त्याच्या आईची तब्येत विचारलीत.

चाचा, तुम्ही जे केलेत ते तुमच्या नोकरीच्या कामांत कुठे लिहिलेले नव्हते. तुमच्या पगारात आणि तुमच्या प्रपंचात ते बसणारेही नव्हते, आणि म्हणून चाचीजींचेही आभार मी याच पत्रात मानतो. आम्हां सर्वांच्या वतीने तुम्हां दोघांना मनःपूर्वक धन्यवाद.

वहीतील सर्व पानांची छायाचित्रे काढून झाली आहेत. अकरा पत्त्यांवरून अद्याप उत्तर नाही, त्यांतले सात येमेनचे आहेत. एडन आणि इब्बमधील दोघे मित्र त्यांचा शोध घेत आहेत. मूळ वही मी येत्या रविवारी स्वतः आणून देतो. मेळाव्याला आलेल्या ४८ जणांनी आपले आजचे पत्ते शेवटच्या कोऱ्या पानांवर लिहिले आहेत. ते देवनागरीत उतरवायचे काम आम्ही तुमच्यासाठी ठेवले आहे.

आपला,
खोली क्रमांक १४ मधील अंबाजोगाईकर