लोणारच्या पॅकेजबद्दल तक्रार : डिसेंबरातलं गुलाबी पाणी, जलक्रीडा आणि मंगळवारचं वेरूळ

प्रति,
व्यवस्थापक, देशांतर्गत सहल विभाग,
दादर (पश्चिम), मुंबई.

विषय : 'लोणार विवर फॅमिली वीकेंड', २८ ते ३० डिसेंबर, सहा जण, भरलेली रक्कम ₹५१,६००. त्यातले ₹११,२०० परत मिळण्याबाबत आणि कार्यक्रमपत्रिका दुरुस्त करण्याबाबत.

चार फोन झाले. चौथा काल संध्याकाळी, बेचाळीस मिनिटांचा, आणि त्यातली जवळजवळ निम्मी मिनिटं होल्डवरची सनई वाजत होती. म्हणून आता लेखी. माल तुमचा आहे, तेव्हा लोणार कुठे आहे हे तुम्हाला माहीत असेल असं धरून लिहिते. खरं तर हे धरणंही धाडसाचंच आहे, कारण पहिल्या फोननंतर आलेला मेसेज असा होता : 'आपली लोणावळा सहल आनंददायी झाली असेल अशी आशा.'

रविवारी निघून मंगळवारी संपणाऱ्या सहलीला वीकेंड का म्हणायचं, हा प्रश्न सोडून देते. मुद्दा कार्यक्रमपत्रिकेचा आहे. ती चार पानं माझ्यासमोर आहेत आणि ज्याने ती लिहिली त्याने लोणारच्या उल्काविवराच्या काठावर कधी पाय ठेवलेला नाही, हे ओळीओळीत दिसतं.

पान १, प्रवास. सीएसएमटीहून दुपारची वंदे भारत आणि तिकीट छत्रपती संभाजीनगरपर्यंत. तिथून लोणार रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर. तीच गाडी पुढे जालन्याला जाते, आणि जालन्याहून लोणार नव्वदच्या आसपास. त्याच डब्यात, त्याच खुर्चीवर तासभर आणखी बसलं की रस्त्याचे साठ किलोमीटर वाचतात. तुम्ही सहा जणांना, त्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एकाहत्तर वर्षांच्या बाई, संभाजीनगरलाच उतरवलंत. परिणाम : हॉटेलवर रात्री अकरा. स्वयंपाकघर दहाला बंद. 'समाविष्ट' रात्रीचं जेवण म्हणजे दोन बिस्किटपुडे आणि ड्रायव्हरने दिलेली केळी. दहानंतर गाडी चालवल्याचा भत्ता म्हणून त्याने चारशे रुपये मागितले. त्याचं काही चुकलं नाही. ते पैसे मी दिले. ते तुम्ही द्यायचे आहेत.

मुंबईहून लोणारला नीट जायचे दोन रस्ते आहेत. रात्रीची देवगिरी एक्सप्रेस पकडून पहाटे जालन्याला उतरायचं, गाडी स्टेशनबाहेर उभी ठेवायची, आठच्या आत लोणार. नाहीतर पूर्ण झालेल्या समृद्धी महामार्गाने भिवंडीजवळच्या आमणेहून चढून लोणारजवळच्या मेहकरला उतरायचं. टोल बराच आहे, सरळ रस्त्यावर ड्रायव्हरला पेंग येते म्हणून दर दोन तासांनी थांबवावं लागतं, पण दिवसाउजेडी पोचता येतं. तुमच्या पत्रिकेत यातलं काहीच नाही.

पान २. 'सकाळी ११ ते १२ : विवर दर्शन व पदभ्रमण. सर्व वयोगटांसाठी सहज.' एक तास. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे आणि काठापासून तळ १३७ मीटर खाली. मुलुंडच्या भाषेत सांगायचं तर पंचेचाळीस मजल्यांच्या टॉवरची लिफ्ट बंद आहे, आणि आधी उतरायचं आहे, चढायचं नंतर. काठावरच्या गोमुख झऱ्याच्या बाजूने सुरुवातीला पायऱ्या आहेत, त्या संपल्या की दगडगोट्यांची पायवाट. बेताच्या चालीने उतरायला पाऊण तास, चढायला त्याहून जास्त, आणि खाली कमळजा देवीच्या देवळापर्यंत जायचं तर वेगळा वेळ. पाऊस जास्त झाला असेल तर पाणी देवळाकडे सरकतं, म्हणून वाट मोकळी आहे का हे आधी कोणाला तरी विचारावं लागतं. खाली पाण्याची बाटली विकत मिळत नाही. माणशी दीड-दोन लिटर वरूनच न्यायचं. हातात खाऊची पिशवी दिसली की माकडं सोडत नाहीत.

उतरायची वेळ सकाळी सातची. दहापर्यंत वर. तेव्हा झाडीत मोर दिसतात, पाण्यावर पक्षी असतात. अकरानंतर ऊन डोक्यावर येतं आणि फोटोत अख्खं विवर सपाट बशीसारखं दिसतं. ज्यांना उतरणं जमत नाही त्यांच्यासाठी काठावरूनच दिसतं ते भरपूर आहे, आणि गावातलं दैत्यसूदन मंदिर आहे, जे त्यांना निवांत बघता येतं. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं देऊळ, त्या असुरावरून गावाचं नाव, छतावरचं कोरीव काम मान दुखेपर्यंत बघावं असं. तुमच्या चार पानांत त्याचा उल्लेख नाही. 'स्थानिक मार्गदर्शक' याचा आहे, पंधराशे रुपये लावून. तो आला नाही. फोन लावला तेव्हा तो वाशिमला लग्नात होता.

आता पान ३. इथे मात्र सावकाश वाचा.

'दुपारी ४ : सरोवरात जलक्रीडा व नौकाविहार, अर्धा तास. माणशी ₹३५०. काठावर भाजलेल्या कणसांचा आस्वाद.' व्यवस्थापक महोदय, हे महाबळेश्वर आहे. वेण्णा तलावाचं पान उचलून तुम्ही लोणारमध्ये चिकटवलंत आणि कणीस काढायलाही विसरलात.

लोणारच्या विवरातल्या तळ्यातून पाणी बाहेर जायला वाट नाही. झरे आणि पाऊस आत येतात, बाहेर जाते ती फक्त वाफ. क्षार मागे उरतात. म्हणून पाणी खारट आणि वर अल्कलीयुक्त, पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, दहाच्या आसपास. साबणाचं पाणी डोळ्यात गेल्यावर जे होतं ते इथे होतं. काठाला चिखल भुसभुशीत आहे, पाय आत जातो, आणि वास कुजल्यासारखा. 'ऐन-ए-अकबरी'त इथे साबण आणि काच करायला लागणारा माल मिळतो अशी नोंद आहे. अकबराच्या कारकुनांना जे ठाऊक होतं ते दादरच्या प्रॉडक्ट टीमला ठाऊक नसावं? शिवाय हे २००० सालापासून वन्यजीव अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पर्यटकांची बोट तिथे नाही. जी बोट नाही तिचे माणशी साडेतीनशे, म्हणजे सहा जणांचे एकवीसशे, तुम्ही आगाऊ घेतलेत. अंघोळ करायचीच असेल तर लोक वर गोमुखाच्या धारेच्या गोड्या पाण्यात करतात. तिला पैसे पडत नाहीत.

याच पानावर खाली, मोठ्या गुलाबी अक्षरांत : 'गुलाबी सरोवर दर्शन (खात्रीशीर)'. सोबत फोटो.

सरोवर गुलाबी झालं होतं जून २०२० मध्ये. उन्हाळ्याने पाणी आटलेलं, क्षार वाढलेले, आणि अशा खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव, हॅलोआर्किया, रंगद्रव्य तयार करतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून हेच सांगितलं. पाऊस पडला, क्षार पातळ झाले, रंग गेला. डिसेंबरात, म्हणजे सगळा पावसाळा पोटात घेतल्यावर, ते पाणी हिरवं असतं, शेवाळामुळे. हिरवंच सुंदर दिसतं. पण तुम्ही गुलाबी विकलंत, आणि 'खात्रीशीर' लिहून विकलंत.

कालचा फोन याच ओळीवरून झाला. मी विचारलं, 'डिसेंबरात गुलाबीची खात्री कोणी दिली?' तुमचा माणूस म्हणाला, 'मॅडम, नेचर आहे, आपल्या हातात नसतं.' मान्य, म्हटलं, पण 'खात्रीशीर' छापणं तर तुमच्या हातात होतं. 'एक मिनिट होल्ड करा हां.' सनई. नऊ मिनिटं, घड्याळ लावून. परत आला. 'मॅडम, सीनियरशी बोललो. तुम्ही फोटो काढलेत का तिकडे?' मला वाटलं, पुरावा मागतायत. काढलेत म्हटलं, हिरव्या पाण्याचे, तारीख-वेळेसकट. तर म्हणाला, 'मग त्याला फिल्टर मारता येतो ना मॅडम, पिंक टोनचा. आम्हाला पाठवा, आमच्या पेजवर टाकू, तुम्हाला टॅग करून.'

मी विचारलं, हे तुम्ही स्वतःच्या मनाने बोलताय की सीनियरनी सांगितलं? 'सीनियरनीच सांगितलं, मॅडम.' आवाजात जरासा अभिमान होता. मी पुन्हा विचारलं, म्हणजे तुमच्या ब्रोशरवरचा फोटोही असाच का? परत सनई. या वेळी अकरा मिनिटं. मग : 'मॅडम, त्याबद्दल मला इन्फॉर्मेशन नाहीये. पण एक हजाराचं व्हाउचर देऊ शकतो, एकतीस मार्चपर्यंत व्हॅलिड, फक्त नव्या बुकिंगवर.'

म्हणजे अकरा हजार परत मागायला फोन केला तर उत्तर : आणखी पैसे भरा, त्यात हजार सोडू. संयमाने लिहायचं ठरवलं होतं. त्या सीनियरला माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, परताव्याच्या चेकला ग्रीन टोनचा फिल्टर मारू नका.

पान ४, मंगळवार. 'सकाळी वेरूळ लेणी.' अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. मराठवाड्यातला कुठलाही रिक्षावाला झोपेत सांगेल. गेटपर्यंत जाऊन परत फिरलो. ड्रायव्हर बिचारा सकाळीच म्हणाला होता, 'ताई, आज बंद असतंय.' त्याने ऑफिसला फोन केला, तर ऑफिसने त्याला सांगितलं की 'शेड्यूलमध्ये आहे ना, मग जा.' घृष्णेश्वराचं दर्शन झालं, तेही ड्रायव्हरच्या कृपेने. वेरूळसाठी तुम्ही माणशी नऊशे लावलेत.

वाईट याचं वाटतं की यासाठी जास्त खर्च नव्हता. हाच कार्यक्रम उलटा लावायचा. शनिवारी रात्रीच्या गाडीने संभाजीनगर, रविवारी वेरूळ, संध्याकाळी लोणार, सोमवारी पहाटे विवर, मंगळवारी जालन्याहून परत. तेवढेच मुक्काम, तेवढेच दिवस. कॅलेंडर उघडायचं काम होतं. ते मी करायचं असेल तर मग तुम्हाला पैसे कशाचे? आणि जालन्याला उतरवायचं सोडून संभाजीनगरला का उतरवलंत, याचं उत्तर चार फोनमध्ये एकदाही मिळालेलं नाही.

अष्टविनायक, कोकण, हंपी, सगळं तुमच्याबरोबर केलं आहे. तेव्हा तुमचे टूर मॅनेजर स्वतः जाऊन आलेले असत, कुठल्या देवळाबाहेर चप्पल सांभाळतात तेसुद्धा सांगत. ते गेले कुठे?

हिशेब असा. नसलेल्या बोटीचे २,१००, लग्नाला गेलेल्या मार्गदर्शकाचे १,५००, न मिळालेल्या जेवणाचे माणशी तीनशेप्रमाणे १,८००, ड्रायव्हरचा भत्ता ४००, बंद वेरूळचे ५,४००. एकूण ₹११,२००. व्हाउचर नको, बँक खात्यात हवेत, पंधरा दिवसांत. नाही आले तर आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. मला घाई नाही. पत्रिका, गुलाबी ब्रोशर, हिरवे फोटो आणि कालच्या फोनचं रेकॉर्डिंग जपून ठेवलं आहे. 'कॉल क्वालिटीसाठी रेकॉर्ड होत आहे' असं तुम्ही सुरुवातीलाच सांगता, म्हणून मीही केलं.

आपली ग्राहक,
मुलुंड (पूर्व)
७ जानेवारी

ता. क. : आत्ता पाहिलं, तुमच्या साइटवर हेच पॅकेज ११ जानेवारीला, रविवारी, पुन्हा निघतंय. तेच गुलाबी पाणी, तीच बोट, तेच मंगळवारचं वेरूळ. माझ्या पैशांचं नंतर बघा. त्या लोकांना आज फोन करा.